कोरडे हात

तांडापेठ, नागपूर
१९ नोव्हेंबर १९७९

गिरिधर बापू,

मामाचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज, आणि हे पत्र फाडायचंच असेल तर वाचून फाड. यात घरी ये असं कुठंही लिहिलेलं नाही. तुझी आई बरी आहे, दोन वेळा जेवते, तिच्याबद्दल एवढंच. बाकी सगळं पत्र बरण्यांचं आहे.

आपल्या शेडमधल्या बरण्या बिघडून राहिल्या गा. मातीत खोट नाही. पहिल्यांदा भाजून निघालेली बरणी बोटानं वाजवली तर देवळातल्या घंटेसारखी बोलते. मग तिला ग्लेजच्या, म्हणजे काचेसारख्या चकाकत्या लेपाच्या टाकीत बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा भट्टीत लावायचं. आणि दुसऱ्यांदा भट्टी उघडली की पांढऱ्या पोटावरचं ग्लेज ठिकठिकाणी मागं सरकलेलं. अळूच्या पानावर पाणी कसं अंग चोरून बसतं, तसं ते कडेला जाड होऊन बसतं आणि मधे नागडी माती दिसते. कुठं रुपयाएवढी, कुठं चिंचोक्याएवढी. अशा जागेतून लोणच्याचं तेल झिरपतं, हे तुला मी काय सांगू.

इतवारीचे लोणचेवाले शेठ परवा स्वतः आले. एक बरणी उजेडाला धरली आणि म्हणाले, "ईश्वरदास, चांदावरचे खड्डे पाहायचे असन तर मी गच्चीवर जाईन. त्यासाठी तुह्या बरण्या काहून घेऊ?" सगळ्यांसमोर म्हणाले. खोटं म्हणाले असते तर वाईट वाटलं नसतं.

आंब्याच्या लोणच्याचा हंगाम येईपर्यंत माल सुधारला नाही, तर ते दुसरीकडून घेतील आणि आपली सोसायटी शेडला कुलूप घालेल. तसं ठरलंच आहे. कवडू भट्टीवाला कुठंही आग पेटवून पोट भरेल. मी म्हातारा, मला काय लागतं. पण तुझ्या आईसारख्या बायांनी कुठं जावं? माग तर केव्हाच मोडून चुलीत घातले. कोष्ट्याच्या बाईला एकदा कामाची सवय लागली की रिकामा हात तिला स्वतःचाच परका वाटतो. मागच्या दिवाळीपासून ग्लेजच्या टाकीवर तुझी आई, आपली मैनाच आहे. आधी झाकणं पुसायची, आता प्रत्येक बरणी तीच बुडवते. कशी बुडवते ते पाहायला पाहिजे होतंस. हिसका नाही, थेंब नाही. लेकराला पाण्यात घालावं तशी घालते.

तुझा बाप रामाजी गारगोटी दळता दळता छातीत धूळ घेऊन गेला. तेव्हा तू म्हणालास, आई जोवर या शेडमध्ये पाय टाकेल तोवर मी या घरात टाकणार नाही. तू तुझा शब्द पाळलास. ती म्हणाली होती, मग दिवसभर काय मी भिंतीकडे पाहू? तिनं तिचा पाळला. दोघं एकाच मातीचे, मी मधे पडून काय करू.

पण भट्टीचं तुला कळतं. तिथं भिलाईत तू भट्टीच्या विटांच्या खात्यात आहेस असं ऐकतो. मी शाळेत बसलेला माणूस नाही, दुकानांच्या पाट्या वाचून अक्षर शिकलो आणि हात भाजून भट्टी शिकलो. ग्लेज असं काहून सरकतं, तेवढं एका कार्डावर लिही. आईचं नावही काढू नको वाटलं तर.

पुष्पलताला आशीर्वाद. सूनबाईचं तोंड आम्ही पाहिलं नाही, पण आशीर्वादाला तोंड पाहावं लागत नाही.

तुझा
ईश्वरदास मामा


तांडापेठ
२३ डिसेंबर १९७९

गिरिधर,

उत्तर नाही आलं. बरं. पोस्टमनला मी रोज विचारतो म्हणून तो आता गल्ली बदलून जातो.

तोवर आम्ही आमच्या अकलेनं जे सुचलं ते केलं. मला पहिला संशय धुळीचा आला. हिंगण्याच्या रस्त्यानं कंपन्यांच्या बसेस दिवसभर धावतात, सगळा धुरळा आपल्या शेडमध्ये. भाजलेल्या बरणीवर धूळ बसली की ग्लेज मातीला न धरता धुळीला धरतं, आणि आगीत धूळ सोडते तेव्हा तेही सोडतं. म्हणून पोत्यांचे पडदे लावले, प्रत्येक बरणी ओल्या स्पंजानं पुसून घेतली. माल तसाच निघाला.

मग वाटलं ग्लेज फार बारीक दळलं गेलं असेल. फार बारीक दळलं की वाळताना त्याला चिरा पडतात, तळं आटल्यावर गाळाला पडतात तशा, आणि तिथूनच ते आगीत फाकतं. दळण कमी केलं. टाकीत पाणी वाढवलं, थर पातळ केला. बुडवलेल्या बरण्या दोन दोन दिवस वाळू दिल्या. तरी तेच.

मग कवडूनं उमरेडच्या कोळशाला शिव्या घातल्या. आग हळू चढवली आणि शेवटी बराच वेळ एका आचेवर धरली. त्यानं एक गोष्ट झाली. आधी पृष्ठभागावर सुईनं टोचल्यासारखी जी बारीक छिद्रं यायची, ती गेली. मातीतला वारा बाहेर पडायला आणि छिद्र पुन्हा मिटायला वेळ मिळाला म्हणायचा. भट्टी पूर्ण थंड झाल्यावरच दार फोडलं, म्हणून ग्लेजवर पडणारी जाळीही गेली. कवडू खूश. मी म्हटलं, अरे, रोग रेड्याले अन् औषध पखालीले झालं. छिद्रं गेली, जाळी गेली, ती नागडी जागा तिथंच आहे. उलट बाकीचं ग्लेज आरशासारखं झालं, त्यामुळे जास्तच दिसून राहिली.

तुला लिहितो हे तुझ्या आईपासून लपवलं होतं. पण या गल्लीत मांजर व्यालं तरी सगळ्यांना कळतं. भाकरी थापता थापता म्हणाली, "भिलाईले लिहून राहिला का गा दादा?"

म्हटलं, बरण्यांचं विचारलं.

"मंग ठीक हाय. माहं नोको लिहू." आणि भाकरी उलटवून, तव्याकडे पाहतच, "काही आलं का तिकडून?"

यंदा थंडी कडक आहे. ग्लेजच्या पाण्यात दिवसभर हात, तिच्या तळहातांना भेगा पडल्या आहेत. पण तिचं औषध तिच्यापाशी आहे. तुझ्या आजीची शिकवण तुला आठवत असेल, कोरड्या हातानं धाग्याले शिवू नये. भेगाळलेल्या हाताला रेशीम अडकतं, तार तुटते, म्हणून ताण्याला हात लावण्याआधी आपल्या घरच्या बाया तळहाताला जवसाच्या तेलाचं बोट फिरवायच्या. माग गेला पण ते बोट गेलं नाही. अजूनही कामाला बसण्याआधी कमरेची छोटी बाटली काढते, हातावर हात चोळते, कपाळाला लावते आणि मग बरणी उचलते. ती पाहिली की मला आपलं जुनं घर आठवतं, खळीचा वास येतो.

एक कार्ड टाक रे बापा.

ईश्वरदास मामा


तांडापेठ
१७ जानेवारी १९८०

गिरिधर बापू,

तुझं कार्ड मिळालं. संक्रांतीच्या दिवशीच मिळालं. त्यात तिळगुळाचा शब्द नव्हता, पण मी तोंड गोड करून घेतलं.

कार्ड बरण्यांचं होतं म्हणून ते मी शेडमध्येच वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. भट्टी नुकतीच उघडली होती, दुपारचं ऊन आत येत होतं, बाया माल बाहेर मांडत होत्या. तू लिहिलं होतंस तेच वाचलं: धूळ आणि जाड थर तपासला असेल तर आता एकच कारण उरतं, ग्लेजआधी बरणीला तेलकट हात लागतो. तेलावर ग्लेज धरत नाही. ज्याच्या हाताला तेल असेल त्याला टाकीवरून काढा.

मी शेवटची ओळ वाचत होतो आणि मला वाक्याच्या मधेच समजलं. पण तोंडातून निघालेली ओळ परत कशी गिळणार.

तुझी आई ताज्या मालातली एक बरणी घेऊन बसली होती. नेहमी ती बरणी हातात फिरवत पुसते, त्यामुळे डाग इकडेतिकडे पसरतात आणि ढगासारखे दिसतात. ही बरणी तिनं कदाचित सरळ उचलून सरळ बुडवली असेल. तिच्या पोटावर चार उघड्या जागा होत्या, एकाखाली एक, लांबट. मैनानं बरणी मांडीवर घेतली आणि त्या जागांवर आपला उजवा हात ठेवला. चारी बोटं बसली. म्यानात तलवार बसावी तशी बसली.

माल मांडणाऱ्या बायांचे हात जागीच थांबले. कवडूला शांतता सोसत नाही. तो म्हणाला, "मैनाबाई, आता तुमाले सहीसाठी अंगठा लावाची गरज नाही." आणि मग स्वतःच खाली पाहून राहिला.

"माहाच हात हाय दादा," ती म्हणाली. "पोरानं लिहिलं ते बराबर हाय."

मी म्हटलं, मैने, तू पुन्हा झाकणांवर बस. टाकीवर दुसरं कोणी बसेल.

"दुसरं कोण? म्हाताऱ्या तुळजाबाईचा हात थरथरते. कवडू बुडवन तर टाकीच आपल्यावर सांडून घेईन." कवडू हो म्हणाला. "माणूस काहून काढता? तेल सोडलं की झालं."

घरी आल्यावर तिनं मला ते कार्ड पुन्हा वाचायला लावलं. वाचलं. मग विचारलं, पत्ता त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला आहे का. म्हटलं, हो. तिला वाचता येत नाही, पण तिनं ते अक्षर बराच वेळ पाहिलं आणि कार्ड देवाच्या फोटोमागं ठेवलं. म्हणाली, "इतक्या वर्षांत पोरानं एक गोष्ट सांगतली. तेवढी तरी ऐकली पाह्यजे."

गिरिधर, आता तुला कळलं आहे ते हात कोणाचे आहेत. दुसरं कार्ड टाक. त्यात लिही की तेल राहू दे, हात सांभाळ. माझं ती ऐकणार नाही. तुझं ऐकेल.

ईश्वरदास मामा


तांडापेठ
४ मार्च १९८०

गिरिधर,

बरण्या सुधारल्या.

गेल्या दोन्ही भट्ट्यांचा माल असा निघाला की मी डोळ्यांवर विश्वास ठेवायला चष्मा पुसून आलो. वरून मधासारखा तपकिरी, खाली दुधासारखा पांढरा, कुठं छिद्र नाही, जाळी नाही, नागडी जागा नाही. त्यात पाहून दाढी करता येईल. कवडूनं केलीही.

तू विचारलेलं नाहीस, पण सांगतो कसं केलं. नुसतं तेल सोडून भागलं नाही. हातावर राहिलेला अंशही ग्लेजला कळतो. म्हणून ती कामाला बसण्याआधी धुण्याच्या सोड्यानं हात धुते. मग तिच्या ध्यानात आलं की डोक्याला हात जातो, केसांना तेल असतं. तिनं केसांचं तेल सोडलं. तुझ्या आईचे केस तुला माहीत आहेत, आता वाळल्या गवतासारखे झालेत. मग स्वयंपाकाचं ध्यानात आलं. सकाळची फोडणी आता मी देतो, ती दुरून मोहरी तडतडली का ते सांगते. कवडू म्हणतो, लोक देवासाठी मीठ सोडतात, हिनं बरणीसाठी तेल सोडलं. तुळजाबाईनं हाताला फडकं बांधून दिलं, तर त्याचे तंतू बरणीला चिकटले आणि जळून तिथं छिद्रं आली. ते फडकं तिनं स्वतःच सोडून फेकलं. कवडूनं कुठून तरी चामड्याचे हातमोजे आणले. ते घालून तिनं एक बरणी धरली ती सुटली आणि फुटली. मोजे परत गेले.

हात थोडे दुखतात, एवढंच. उन्हाळा लागला की भेगा मिटतील.

शेठांना दोन बरण्या पाठवल्या. त्यांनी माणसाबरोबर निरोप दिला, अशाच आण, हंगामाचा माल घेतो. शेडमध्ये त्या दिवशी आलुबोंडे आणले. सगळ्यांनी खाल्ले. तिनं नाही खाल्ला. तळलेला होता.

आता तरी ये. आता तुला रागवायला जागा नाही असं मी म्हणत नाही. जागा आहे. पण रागवायला तरी समोर ये. आता ती कार्डाचं विचारत नाही. पोस्टमन दिसला की उठून आत जाते.

ईश्वरदास मामा


मेडिकल हॉस्पिटलच्या आवारातून
२२ एप्रिल १९८०

गिरिधर,

मागच्या पत्रात मी थोडे दुखतात असं लिहिलं. तिनंच तसं लिहायला सांगितलं होतं. तेव्हाच उजव्या तळहाताची भेग आतपर्यंत गेली होती. सोड्याच्या पाण्यानं ती रोज सकाळी नव्यानं उघडायची. रक्ताचा डाग बरणीला लागू नये म्हणून ती डाव्या हातानं पुसून, मग उजवा पुन्हा धुऊन काम करायची. बाकीच्यांना दिसत होतं. ती म्हणायची, हंगामाचा माल जाऊ द्या, मग बसते घरी.

होळीनंतर हात सुजला. कोपरापर्यंत लाल झाला, ताप चढला, तरी एक भट्टी भरेपर्यंत ती टाकीवरून उठली नाही. शेवटी कवडूनं तिला सायकल रिक्षात घातलं आणि मेडिकलला आणलं. डॉक्टरांनी तळहात चिरून पू काढला. भली माणसं आहेत, त्यांनी जे करता येतं ते केलं. हात वाचला. पण आतल्या शिरा खराब झाल्या आहेत. उजव्या हाताची तीन बोटं आत वळली आहेत आणि ती आता सरळ होणार नाहीत. तिनं डॉक्टरांना एकच विचारलं, बरणी धरता येईल का. त्यांना वाटलं लोणच्याची बरणी. म्हणाले, छोटी धरता येईल.

आता शेठांचं सांगतो. ते माल पाहायला आले. एकेक बरणी वाजवली, उन्हाला धरली, आतून हात फिरवला. म्हणाले, "ईश्वरदास, असा माल मी जिंदगीत नाही पाह्यला." मग गाडीतून एक डबा काढला. हिंगण्याच्या वसाहतीत प्लास्टिकचे साचे बसले आहेत, तिथला. पांढरा, झाकण फिरवायचं, लाथ मारली तरी फुटत नाही. त्यांनी खरंच लाथ मारून दाखवली. म्हणाले, "गिऱ्हाइकाले आता हे पाह्यजे. तुहा माल घेतो, पण यंदाचा शेवटचा. पुढच्या वर्षी नोको बनवू." मी त्यांना काय म्हणणार. माणूस खोटा नाही. सुधारलेल्या मालाची तारीफ करायला तरी थांबला.

म्हणजे नागड्या जागा राहिल्या असत्या तरी शेड बंदच व्हायची होती, आणि गेल्या तरी झाली.

हे मी तिला अजून सांगितलं नाही. ती खाटेवर पडून मला विचारते, टाकी झाकून ठेवली का, ग्लेज खाली बसून दगड होईल. मी म्हणतो, झाकली.

तू ये. मागंही म्हटलं, आता सरळ लिहितो, घरी ये. ती आता शेडमध्ये पाय टाकणार नाही. तुझी अट पुरी झाली.

ईश्वरदास मामा


तांडापेठ
९ जून १९८०

गिरिधर,

सोसायटीनं शेडला कुलूप लावलं. तुझ्या आईला सांगावं लागलं. ऐकून ती उठली आणि भाकरी करायला बसली. डाव्या हातानं भाकरी थापता येत नाही, माझ्या ध्यानात येईपर्यंत तिच्याही ध्यानात आलं. आता भात करतो.

तिला सांगितलं की आता तेल लावत जा, आता काही अडत नाही. जवसाची बाटली तिच्यापुढं ठेवली. ती म्हणाली, "आता काहून?" आणि बाटली तशीच आहे.

मी बसल्या बसल्या एका गोष्टीचा विचार करत असतो, तीही लिहून टाकतो, म्हणजे माझ्या डोक्यातून तरी निघेल. टाकीवर कोण आहे हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. दुसऱ्यात तेलाचंही लिहिलं. कार्ड लिहिताना तुला माहीत होतं. त्या माणसाला काढा असं तू लिहिलंस, तुला वाटलं असेल की तेल काही तिच्यानं सुटणार नाही, ती आपल्या घराण्याची सवय आहे, त्यापेक्षा शेड सुटेल. आईला कोणी तरी बाहेर काढेल आणि तिच्या छातीत बापासारखी धूळ जाणार नाही. हेच ना गा? लेकानं आईसाठी असाच डाव टाकावा, दुसरा कोणता टाकणार. तुला एवढंच माहीत नव्हतं की तुझ्या हातच्या दोन ओळींसाठी ती काय काय सोडेल. ते मलाही माहीत नव्हतं, आणि मी तर तिला पाळण्यापासून पाहतो.

दुसरं कार्ड का आलं नाही, ते मी विचारणार नाही. तुझ्याजवळ उत्तर असेल तर ते मला सोसणार नाही, आणि नसेल तर तुला.

हे पत्र कवडूच्या हातानं पाठवतो. त्याला तुमच्या भिलाईत भट्टीवर काम मिळालं आहे. पोस्टाचा आता भरवसा नाही म्हणून नव्हे. कोणी तरी तुझ्या दारात उभं राहावं म्हणून. त्याच्याबरोबर एक बरणी देतो. तीच, चार बोटांची. शेड आवरताना फुटक्या मालात टाकली होती, मी काढून घरी आणली होती.

आज सकाळी कवडू निघायला आला तेव्हा ती बरणी मी गोणपाटात गुंडाळत होतो. मैना म्हणाली, पाहू. तिनं ती मांडीवर घेतली, त्या दिवशी घेतली होती तशीच, आणि उजवा हात त्या उघड्या जागांवर ठेवला. पहिलं बोट बसलं. बाकीची तीन आत वळलेली, ती खुणांना टेकतच नाहीत. तिनं डाव्या हातानं धरून एकेक सरळ करून पाहिलं. सोडलं की पुन्हा मिटायचं. कवडू दाराकडे तोंड करून उभा राहिला.

मग तिनं हात पदराखाली घेतला. म्हणाली, "दे बांधून. अन् कवडू, पायापाशी नोको ठेवू, मांडीवर ठेव. गाडी हिसडे देते."

मी विचारलं, गिरिधरला काही सांगायचं का. गोणपाटाची गाठ ओढून पाहत म्हणाली, सांग, त्यात लोणचं भरू नको म्हणावं, झिरपते.

तेवढंच सांगितलं. कवडूला चहा पाज. गोड जास्त लागतो त्याला.

ईश्वरदास मामा